कोरी जागा

चार महिन्यांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. विडी कामगारांच्या मुलांना ध्वनिमुद्रणाचं काम मोफत शिकवणाऱ्या वर्गाने विचारलं होतं, मुलांच्या सरावासाठी दर रविवारी पुस्तक वाचाल का? ग्रंथालयात माझं आयुष्य हळू बोलण्यात गेलेलं. हा आवाज कोण ऐकणार, म्हणून पत्र पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिलं.

काल त्या वर्गातली पद्मजा येमूल माइक घेऊन दारातच आली. "आजोबा, उद्या परीक्षा आहे. वयस्कर माणसाचं वाचन नेलं नाही तर मी नापास. आणि आमच्या गल्लीत तुमच्याइतकं म्हातारं कुणी नाही."

मी दोन पानं वाचली. मग तिने खोलीची मिनिटभराची शांतता रेकॉर्ड करायला घेतली. चुका कापल्यावर त्या जागी ती भरतात म्हणे. मला राहवलं नाही. "फार चुकलं असेल, माफ कर," म्हणालो आणि शांतता मोडली. दुसऱ्यांदाही तेच.

"माफी कशाची मागताय? आधी ऐका तरी." तिने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. स्वतःचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो थरथरत होता, पण एकही शब्द तुटला नव्हता.

तिसऱ्या वेळी मी मिनिटभर गप्प बसलो.

आज सकाळी पोस्टकार्डावर लिहिलं, 'रविवारी येतो.' खाली उशिराबद्दल क्षमा मागायला पुष्कळ जागा होती. ती कोरीच ठेवली आणि कार्ड पेटीत टाकलं.