हीटर

व्हर्लनने इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर आतली ऊब गेली असती, आणि ती ऊब दाखवायलाच तो एवढ्या बर्फातून सासुरवाडीला आला होता.

सासूने दार अर्धवट उघडलं.

"आधी ते धूड बंद कर. कपाटातल्या बशा वाजतायत माझ्या."

"बंद नाही करता येत, मिसेस क्रेगर." 'मॉम' ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. "लोरीनला दोन मिनिटं बाहेर पाठवा ना. एक गोष्ट दाखवायचीय तिला."

"आणखी एक कप जिंकलास वाटतं?"

"नाही. हीटर बसवलाय."

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. मग आत वळून ओरडली, "लोरीन! तुझ्या नवऱ्याने हीटर बसवलाय म्हणे!" मन्सी गावात सर्कस आलीय, असं सांगावं त्या सुरात.

लोरीन बाहेर आली ती वडिलांचा जुना कोट अंगावर टाकून. तिने आधी गाडीकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं.

"हडकलास. अजून वजन उतरवायला उकडलेल्या अंड्यांवरच आहेस का?"

"नाही गं. आता सगळं खातो. बस ना आत."

ती बसली.

ती गाडी कारखान्यातूनच शर्यतीसाठी निघालेली. सरळ पट्ट्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी सुटायच्या, वजन कमी ती पुढे. म्हणून तिला रेडिओ नव्हता, मागची सीट नव्हती, पायाखाली गालिचा नव्हता. पुढचा पत्रा ॲल्युमिनियमचा, खिडक्यांना काचेऐवजी प्लास्टिक. आणि हीटर नव्हता. व्हर्लन ज्या वर्गात धावायचा, त्यात कुणाच्याच गाडीला नसे. फरक एवढाच, की बाकीच्यांकडे घरी दुसरी गाडी होती. व्हर्लनकडे बाजारहाटाला हीच, चर्चला हीच, दवाखान्यालाही हीच.

लोरीनच्या गुडघ्यांपाशी एक हिरवी पेटी घरघरत होती. भंगारातल्या कुठल्याशा स्टेशन वॅगनची. तिच्यामागे पत्र्याला नवीन भोक पाडलेलं दिसत होतं, कडा अजून चकाकत होत्या.

"तू कापलंस?" तिने विचारलं. इंजिनाच्या धडधडीत ओरडूनच बोलावं लागत होतं. "या गाडीला?"

"मीच कापलं."

तिला खरं वाटेना. एकदा तिने आरशाला लेकीचा, पेगीचा लोकरीचा बूट टांगला होता, मुठीत मावेल एवढा. शर्यतीच्या सकाळी त्याने तोही काढून ठेवला होता.

"मग शर्यतीचं काय?"

"जड झाली ना आता. नळ्या, पाणी, ही पेटी." तो हसला. "त्या बिली स्ट्रॉसला कळलं तर पार्टी देईल. देऊ दे."

लोरीनने हातमोजे काढले आणि पेटीपुढे हात धरले. बोटं उघडली, मिटली, परत उघडली. हळूहळू तिचे खांदे खाली आले. तिने डोळे मिटून घेतले. व्हर्लनला वाटलं, जमलं. आता ती आत जाईल, पेगीला घेऊन येईल, बॅग आपण उचलू.

डोळे न उघडताच ती काहीतरी म्हणाली.

"काय?"

"म्हटलं, किती वेळ लागला बसवायला?"

"हे?" तो फुशारला. "एक दुपार! जेवून सुरुवात केली, दिवस मावळायच्या आत झालं पण."

लोरीनने डोळे उघडले.

"एक दुपार," ती म्हणाली.

तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो ते.

ती चिडली नाही. चिडली असती तर त्याला काही म्हणता आलं असतं. "मला वाटायचं, फार मोठं काम असेल," ती म्हणाली. "इंजिन बिंजिन उतरवावं लागत असेल. म्हणून पहिल्या हिवाळ्यानंतर मी बोलणंच सोडलं."

जानेवारीतली ती रात्र त्याच्या डोळ्यांपुढे आली. दोन गोधड्यांत गुंडाळलेली, तापाने फणफणलेली पेगी, आणि गाडीच्या खिडकीवर आतल्या बाजूने गोठलेला तिघांचा श्वास. इस्पितळाची पाटी दिसावी म्हणून लोरीन तो नखांनी खरवडत होती.

"पेगीला आण ना," तो म्हणाला. "तिलाही बघू दे."

"झोपलीय ती."

माडीवरच्या खिडकीचा पडदा हलला. काचेला चिकटलेलं इवलंसं नाक त्यालाही दिसलं, तिलाही दिसलं.

"लोरीन, चल ना घरी."

तिने हातमोजे सावकाश घातले, एकेक बोट नीट बसवत.

"गरम आहे, व्हर्लन," ती म्हणाली. "छान केलंयस काम." हे ती मनापासून म्हणत होती, आणि तेच त्याला सोसवेना.

ती उतरली आणि वळून तिने दार दोन्ही हातांनी धरलं. पत्रा पातळ, आदळला की वाकतो, हे लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने तिला ओरडून ओरडून शिकवलं होतं. आज तिने ते आदळावं, असं त्याला वाटत होतं. सगळी ताकद लावून, पार वाकेपर्यंत आदळावं.

तिने दार अलगद लोटलं, नीट बसलं की नाही ते तळव्याने दाबून पाहिलं, आणि बर्फातून घराकडे चालू लागली.