चांगलाच ताप

ती रुग्णालयात दादाच्या खोलीशी पोचली तेव्हा प्रयोगशाळेतला पांढरा कोट अजून अंगावरच होता. वहिनीने दारातच तिचा हात धरला.

"ताप आलाय गं! एकशे दोन!"

किती दिवसांनी वहिनी हसत होती. खाटेवर दादा, नुसता हाडांचा सापळा. डोळे मात्र मिस्कील. "या, शास्त्रज्ञबाई. तुमचं सैन्य आलं बरं का."

लस तिच्याच गटाने बनवली होती. दादाच्या कॅन्सरच्या गाठीतलेच अंश, आणि जोडीला एक रेणू, शरीरातल्या लढाऊ पेशींना 'शत्रू इथे आहे, धावा' अशी हाक देणारा. पहिल्यांदा टोचताना तीच म्हणाली होती, "ताप आला तर घाबरायचं नाही. हाक पोचली असं समजायचं." तेव्हा ताप आला नाही. पुढच्या वेळीही नाही. नवरा-बायको डोळ्यांत तेल घालून तापाची वाट बघत राहिली.

आज सकाळी तिने दादाचं रक्त स्वतः तपासलं होतं. आधीच्या औषधांनी लढाऊ पेशींचा फडशा पाडला होता. उरल्यासुरल्या ढिम्म होत्या. हाक गेली होती. ओ द्यायला कुणी नव्हतं.

आणि आत्ता जिन्यात डॉक्टरांनी तिला थांबवलं होतं. "लसीचा नाही हा ताप. रक्तात जंतू पसरलेत. औषध चालू केलंय, पण त्यांच्या अंगात आता झुंजायला काही उरलेलं नाही. घरच्यांना तुम्हीच सांगता का?"

"दादा, ऐक ना..."

"आधी कपाळाला हात लाव."

तिने लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"नर्स ताप उतरायची गोळी घेऊन आली होती," दादा म्हणाला. "मी परत पाठवली. एवढ्या मिनतवारीने आलाय, त्याला हाकलायचं कशाला?" हसता हसता त्याला धाप लागली. "चांगला आहे ना गं?"

तिचा हात तसाच राहिला.

"हो दादा," ती म्हणाली. "चांगलाच आहे."

बाहेर व्हरांड्यात वहिनी लेकीशी फोनवर बोलत होती, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"अगं, वाढतोय! सकाळपेक्षा वाढलाय!"