अंतऱ्यातला श्वास

"गाणं कुणाकडे शिकलीस?" अंतिम फेरीत सूत्रसंचालकाने विचारलं. रेणुकाने आदराने कानाची पाळी धरली आणि मुंबईतल्या नामवंत गुरूंचं नाव घेतलं. त्यांच्याकडे ती जेमतेम चार महिने जात होती.

मिरजेत टीव्हीसमोर बसलेल्या इंदुमतीबाईंची धाकटी बहीण उसळली. "ताई, बारा वर्षं तू शिकवलंस आणि नाव त्यांचं? बंद कर तो टीव्ही!"

"गप्प बस. गाणं ऐकू दे."

डोळे मिटून, मांडीवर ताल धरून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. परीक्षक उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला. रेणुका जिंकली, तेव्हा रागावलेली बहीणसुद्धा टाळ्या वाजवू लागली.

इंदुमतीबाईंनी चष्मा लावला आणि फोनवर एकेक अक्षर शोधत रेणुकाला निरोप लिहिला: "अंतऱ्यात श्वास मध्येच तुटला. परीक्षकांना कळलं नाही, मला कळलं. सोमवारी सकाळी सहाला ये. उशीर चालणार नाही."