सांडलेलं सूप

बायबलमधल्या चार शुभवर्तमानकारांपैकी कुणी कुणाचं उचललं, हे शोधण्यात हेनिंग सरांची हयात गेली. गॉटिंगेन विद्यापीठात त्यांच्या निरोप समारंभात विद्यार्थी एकेक उठून तोच किस्सा सांगत होते. घरी जेवायला आलेल्या बिशपनी विचारलं होतं, "चौघांच्या हकिकती जुळत नाहीत, मग खरं कसं मानायचं?" सर फाडकन म्हणाले, "जुळल्या असत्या तर संगनमताचा संशय आला असता!" आणि बिशपच्या हातून सूप सांडलं.

सर खुशीत बायकोच्या कानाशी लागले. "बघ वाल्ट्राउट, इम्केने सांगताना एका बिशपचे दोन केले. योर्नने तिचंच ढापलं, त्याचेही दोनच! पण सूप सगळ्यांकडे सांडतंय. म्हणजे मूळ एकच."

"कोण?"

"अगं, मीच की!"

वाल्ट्राउटने तोंडातला केक सावकाश संपवला. "त्या दिवशी तू तापाने फणफणून वर झोपला होतास, हेनिंग. उत्तर मी दिलं होतं. तुला सकाळी सांगितलं."

तेवढ्यात गलका झाला, "सर, आता तुमच्या तोंडून!"

सर उठले, घसा खाकरला आणि माइक बायकोपुढे धरत म्हणाले,

"माझं सगळं ऐकीव आहे. तिथे ही होती."