तेलचोराचं नाक

"नाटकातल्या तेलचोराला माझं नाक लावलंस, तर तुझी बोटं छाटीन!" सेनापती दम देऊन गेला. मुखवटे घडवणाऱ्या म्हाताऱ्या मिकोनने तेलचोराच्या मुखवट्याचं कांद्यासारखं नाक खरवडलं आणि तिथे देवाला शोभेल असं सरळ नाक बसवलं.

उत्सवात तोच मुखवटा घालून नट देवळातल्या तेलाचे बुधले पळवू लागला, पण अथेन्सकरांना हसूच येईना.

"कोण रे हा? तेल पळवतोय, म्हणजे आपला सेनापती तर नव्हे?"

"छे! त्या थोबाडाला हे रूप कुठलं?"

नाटक पडणार, अशी मिकोनला धास्ती वाटली. इतक्यात पहिल्या रांगेतून सेनापतीच ताडकन उठला. "डोळे फुटले का तुमचे? अरे, हा मीच आहे!"

नटाने अदबीने बुधला त्याच्या पुढ्यात ठेवला.

त्या हास्यकल्लोळात मिकोनने दहाही बोटांनी पोट धरलं.