दौलतरावांची शिट्टी

शिट्टी वाजलीच नाही. दौलतरावांनी फुंकलेली हवा कॅन्सरने गालाला पाडलेल्या भोकातून फसकन निघून गेली. जन्मभर कबड्डीचा पंच म्हणून गाजलेला माणूस मान खाली घालून बसला. जखमेला वास सुटल्यापासून गावकरी अंगणातूनच बोलत.

“वास तर गेला की, काका! आता हे भोकही बुजवू,” रोज घरी येणारी नर्स शलाका म्हणाली. वास घालवणारी पावडर ती आठवडाभर जखमेत भरत होती. आज तिने जखम हलक्या हाताने धुतली, गॉज बसवलं आणि वरून हवाबंद पट्टी चिकटवली. “फुंका!”

शिट्टी अशी कडाडली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

रविवारी सामन्यात दौलतरावांनी एका चढाईपटूला बाद दिलं. तो तावातावाने धावत आला आणि नाकाला नाक भिडवून ओरडला, “माझा पाय रेषेभाईर गेलाच न्हाई, मामा! डोळं फुटलं का तुमचं?”

सामना बघायला आलेली शलाका काळजीने उभी राहिली. दौलतरावांचे डोळे मात्र भरून आले. कितीतरी महिन्यांनी कुणी इतकं जवळ येऊन भांडत होतं.

छाती पुढे काढून ते गरजले, “पंचाशी वाद घालतोस व्हय? चल, हो भाईर!”