खालच्या मोहल्ल्याची लाइट

नयनने चिठ्ठी उघडली आणि लाइट गेली.

“गेली पाह्य!” मनकर्णाबाईने अंधारातच रिमोट खाटेवर आपटला.

रोहणा गावात सोमवारचे साडेसात वाजून पाच मिनिटं झाली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मनकर्णाबाईचा दिवस खाटेवर तुरी निवडण्यात जायचा आणि संध्याकाळचा हा अर्धा तास तेवढा तिचा स्वतःचा असायचा. श्रीमंताघरची नयन आणि तिचा गरीब डॉक्टर यांचं जुळतं का, हे ती आठ महिन्यांपासून जीव टांगून पाहत होती. शनिवारी महाभाग होता. काय तो निकाल त्यात लागणार होता.

लाइनमन अंकितला फोन लावला तर बंद. नात पिंकी म्हणाली, तो डीपीजवळच, ट्रान्सफॉर्मरपाशी असेल, जाऊन सांगते. ती गेली. आठ वाजले, मालिका संपली, लाइट आली, पाठोपाठ पिंकीही आली. फ्यूज उडाला होता म्हणे.

सकाळी आनंदाबाई हजर. ती वरच्या मोहल्ल्यात राहायची, तिकडची डीपी वेगळी, तिकडे लाइट कधी जायची नाही. तिने चहा घेता घेता चिठ्ठीतलं सगळं सांगितलं, तेही असं तोंड करून, की चिठ्ठी जणू तिलाच आली होती. तिच्याकडे जाऊन मालिका पाहावी तर मध्ये चढाव, आणि मनकर्णाबाईचा स्वभाव त्या चढावाहून अवघड. दुपारचं रिपीट होतं, पण सगळं आनंदाबाईच्या तोंडून ऐकल्यावर त्यात राहिलं काय?

मंगळवारी डॉक्टरची गाडी घाटात कोसळली. म्हणजे कोसळली असं कळलं, बुधवारी सकाळी. ऐन वळणावर लाइट गेली होती. बुधवारी डॉक्टर शुद्धीवर आला आणि नयनलाच ओळखेना. तेही मनकर्णाबाईच्या नशिबी नव्हतं. रोज साडेसातला पाच मिनिटं दिसायचं, मग अंधार. रोज लाइनमनचा फोन बंद. रोज पिंकी चपला घालून निघायची. पिंकीच्या मोबाइलवर पाहावं तर तिचा नेटपॅक संपलेला.

मनकर्णाबाईने त्या अंकितचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. मुलगा रूपराव वावरातून आला की त्याच्यासमोर तीच टकळी. तो म्हणाला, खालच्या मोहल्ल्याची डीपी जुनी झाली, माय. आणि जेवायला बसला. त्याच्या डोक्यात रविवार होता. रविवारी तळेगावहून पिंकीला पाहायला पाहुणे येणार होते. स्थळ मनकर्णाबाईनेच आणलेलं, ओलिताचं वावर, पोराला नोकरी. पिंकीला विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय?

गुरुवारी नयनच्या खिरीत आत्याने काहीतरी कालवलं. शुक्रवारी घरच्यांनी तिचं लग्न दुसऱ्याशीच ठरवलं. लाइट जायच्या आधी मनकर्णाबाईला फक्त नयनच्या आजीचा चेहरा दिसला, आणि तो पाहून तिचं पित्त खवळलं.

“काऊन अडवते वो हे म्हातारी त्या पोरीले?” ती अंधारात म्हणाली. “आपलं सगळं झालं, आता पोरीच्या सुखात काऊन माती कालवून राह्यली?”

चपला घालत असलेली पिंकी थांबली.

“आजी, तू तिची आजी असती तर?”

“मी? मी म्हटलं असतं, जा बाई, जिथं तुयं मन हाय तिथं जा. मांडव काय, उद्या दुसरा घालता येते.”

पिंकी दुसरी चप्पल घालून निघाली. त्या दिवशी तिला परतायला जरा उशीरच झाला. लाइटही उशिराच आली.

शनिवारी दुपारी ती निघाली. आर्वीला शिंप्याकडे ब्लाउज टाकलाय, उद्यासाठी आणायचा, उशीर झाला तर मावशीकडे राहीन, म्हणाली. हातात मोठी पिशवी होती. जाताना वाकून आजीच्या पाया पडली. पाहुणे यायचे म्हटल्यावर पोरीला वळण आलं, असं मनकर्णाबाईला वाटलं आणि बरं वाटलं.

“पण पोरी, आज लाइट गेली तर कोण जाईन सांगायले?”

“आज नाई जात, आजी. तू आरामात पाह्य.”

मनकर्णाबाईचा विश्वास बसला नाही. तिने कंदील पुसून ठेवला, काडेपेटी उशाशी घेतली. सात वाजता महाभाग सुरू झाला. साडेसात झाले. सात पस्तीस झाले. तिने श्वास रोखून वर पाहिलं. बल्ब डोळ्याला डोळा भिडवून होता.

आठ वाजले तरी तो हलला नाही. नयन भरल्या मांडवातून उठली, हार फेकला, आणि डॉक्टरचा हात धरून गाडीत बसली. मनकर्णाबाई रडत होती, हसत होती. पदराने नाक पुसत ती टीव्हीतल्या म्हाताऱ्या आजीला म्हणाली, “बस आता बोंबलत.”

नऊला मालिका संपली. तिचं मन भरून आलं होतं. आठवडाभर आपण त्या लाइनमनला नाही नाही ते बोललो, आज बिचाऱ्याने लाज राखली, दोन शब्द चांगले बोलावे म्हणून तिने फोन लावला. आज तो बंद नव्हता. पहिल्याच घंटीला उचलला गेला. मागे बसचा घरघर आवाज येत होता, कंडक्टर नागपूर, नागपूर ओरडत होता.

“अंकित,” मनकर्णाबाई म्हणाली, “बाप्पा, सुखी राह्य. आज लाइट नाई गेली.”

पलीकडून आवाज आला.

“पूर्ण पाह्यली ना, आजी?” पिंकीने विचारलं.